‘योग्य उमेदवार आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ काय?

मागच्या वर्षी एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीला गेले होते. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेली एकच जागा. छाननीतून आम्ही सहा जण मुलाखतीपर्यंत पोहोचलो. सगळे नेट उत्तीर्ण, दोघांची पीएच.डी. झालेली, एक जण सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा. माझी मुलाखत अकरा मिनिटे चालली. त्यातली चार मिनिटे गाव कुठले, वडील काय करतात आणि हाच विषय का निवडला, यात गेली. दीड महिन्याने संकेतस्थळावर निकाल लागला. त्यात कुणाचेच नाव नव्हते. जागेपुढे तीन इंग्रजी शब्द होते: नॉट फाऊंड सुटेबल. म्हणजे, योग्य उमेदवार आढळला नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. मायने विचारले, “नापास झालीस का?” म्हटले, “नाही.” “मग पास झालीस?” “नाही.” “दुसरं कुणी लागलं का तिथं?” “कुणीच नाही.” माय गप्प झाली. तिच्या हातून फोन वडिलांनी घेतला. माझे वडील गवंडी आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पण मापलं कशानं, बाई?”

मला उत्तर देता आले नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. भाषेचे तत्त्वज्ञान मी उशिरा आणि बरेचसे स्वतःहून वाचले. तो विषय आपल्यापासून फार दूरचा, निवांत बसलेल्या लोकांचा आहे असे मलाही वाटायचे. पण सत्य, अर्थ आणि संदिग्धता या तिन्ही संकल्पना या एका वाक्यात आपल्या आयुष्यावर येऊन आदळतात. आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य वाचले आहे, अनेक जण पुढे वाचतील. म्हणून ते नीट उलगडून पाहू.

हे वाक्य खरे केव्हा ठरेल?

पोलिश तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड तार्स्की यांनी १९३३ मध्ये सत्याविषयी एक मांडणी केली. ‘बर्फ पांढरे आहे’ हे वाक्य सत्य केव्हा? बर्फ पांढरे असेल तेव्हा, आणि तेव्हाच. पहिल्यांदा वाचताना हसू येते. यात नवीन काय सांगितले? पण नीट पाहिले तर दोन गोष्टी वेगळ्या झालेल्या दिसतात. एका बाजूला वाक्य, दुसऱ्या बाजूला जग. वाक्यावर कुणाची सही आहे, कुठला शिक्का आहे, ते कोणत्या संकेतस्थळावर झळकले आहे, यातले काहीही त्याला सत्य करत नाही. जगात तशी स्थिती असावी लागते.

आता हाच नियम आपल्या वाक्याला लावू. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हे सत्य केव्हा? समितीला योग्य उमेदवार आढळला नसेल तेव्हा. इथे ‘आढळला नाही’ या शब्दांकडे लक्ष द्या. ‘विहिरीत पाणी आढळले नाही’ असे मी म्हणाले तर तुम्ही आधी विचाराल, पोहरा खाली सोडला होता का? पोहरा न सोडताही माझे वाक्य खरे असू शकते, कारण मला पाणी खरोखरच आढळलेले नसते. ते वाक्य माझ्या शोधाबद्दल बोलते, विहिरीबद्दल नाही.

निवड समितीचे वाक्यही असेच आहे. ते समितीच्या शोधाबद्दल बोलते. बाहेर पडताना मात्र त्याचा अर्थ बदलतो. ‘आम्हाला आढळला नाही’ याचे ‘नव्हताच’ होते. पुढे ‘यांच्यात मिळतच नाहीत’ असे होते. जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि ती रिकामी जागाच पुरावा म्हणून दाखवली जाते. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत नेणारा एकही तार्किक दुवा नाही. तरीही हा प्रवास रोज घडतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करत नाहीत, ती कृती करतात. पंच ‘आऊट’ म्हणतो तेव्हा फलंदाजाला जावे लागते. पण चेंडू बॅटला लागला होता की नाही, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. म्हणूनच तिसरा पंच आला. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हीदेखील कृती आहे. त्या क्षणी जागा रिकामी ठरते, सहा माणसे घरी जातात. ही कृती वर्णनाचा वेश घेऊन येते आणि तिला तिसरा पंच नसतो.

‘योग्य’, पण कशासाठी?

आता दुसरा शब्द, ‘योग्य’. हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. चप्पल योग्य असते ती एखाद्या पायाला. बियाणे योग्य असते ते एखाद्या जमिनीला. ‘योग्य’ म्हटले की ‘कशासाठी’ आणि ‘कोणत्या मापाने’ या दोन रिकाम्या जागा भराव्या लागतात. त्या न भरता शब्द वापरला तर ऐकणारा आपल्या मनातल्या सवयीने त्या भरतो.

लुडविग विटगेनस्टाईन यांचा ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक शिकवण सोपी करून सांगायची तर, पुष्कळदा शब्दाचा अर्थ शोधायचा असेल तर तो कसा वापरला जातो ते पाहा. मग आपल्या देशात ‘योग्य’ हा शब्द कसा वापरला गेला ते पाहू.

पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमावलीत एक नियम होता. कोठड्यांमधल्या कैद्यांचे जेवण ‘योग्य जातीच्या’ कैदी आचाऱ्यांनी शिजवावे आणि पोचवावे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला आणि वेगवेगळ्या राज्यांच्या नियमावल्यांमधल्या अशा जातीय तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तोपर्यंत हे शब्द स्वतंत्र भारताच्या पुस्तकांत छापलेले होते. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत हलक्या आणि हीन समजल्या जाणाऱ्या कामांबद्दलही तरतूद होती. साध्या कैदेतल्या माणसाला ती कामे सांगू नयेत, मात्र अशा कामांची ‘सवय’ असलेल्या समाजाचा तो असेल तर सांगावीत.

इथे थांबून विचार करा. ‘योग्य जात’ म्हणजे कुठली याची यादी त्या नियमात नव्हती. कागदावर पाहिले तर शब्द अगदी ढगळ होता. पण स्वयंपाकघरात कुणाला पाठवायचे आणि संडास साफ करायला कुणाला पाठवायचे, यात गोंधळ उडायचे कारण नव्हते. कागदावर संदिग्ध आणि वापरात धारदार, असा हा शब्द होता. यादी लिहिली नव्हती, कारण ती सगळ्यांना पाठ होती.

विद्यापीठाची प्रत्येक निवड समिती तुरुंगाच्या अधिकाऱ्यासारखा विचार करते असे मी म्हणत नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की माप लिहिलेले नसते तेव्हा खोलीत आधीपासून असलेले माप वापरले जाते. कोणते इंग्रजी ‘सफाईदार’, कोणता संशोधनविषय ‘व्यापक’ आणि कोणता ‘फक्त स्वतःच्या समाजापुरता’, कुणाचा आत्मविश्वास ‘परिपक्वता’ आणि कुणाचा ‘आक्रमकपणा’ हे तिथे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. सांगायची गरज पडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत छाननीसाठी तक्ता आहे. पीएच.डी.ला ३० गुण, जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, असे सगळे मोजलेले. पण तिथेच म्हटले आहे की हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, अंतिम निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. म्हणजे जिथे माप आहे तिथपर्यंत आपण पोहोचतो. जिथे निर्णय होतो तिथे माप संपते.

ढीग कुठे सुरू होतो?

यावर एक हुशार उत्तर ठरलेले आहे. ‘मॅडम, योग्यता अशी मोजता येत नसते. ती अनुभवी माणसाला कळते. सगळेच शब्द थोडे संदिग्ध असतात.’

शेवटचे वाक्य खरे आहे. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या युबुलिडीस या ग्रीक विचारवंताच्या नावावर एक कोडे आहे. ज्वारीचा ढीग घ्या. एक दाणा काढला तरी ढीग राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. एका दाण्याने ढिगाचा ‘ढीग नसलेला’ होत नाही. असे करत शेवटी एकच दाणा उरतो. तोही ढीगच म्हणायचा का? रेष नेमकी कुठे होती ते कुणालाच दाखवता येत नाही. उंच, टक्कल, म्हातारा, गरीब, मागास, योग्य हे सगळे शब्द याच जातकुळीतले.

पण पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सीमा धूसर असली म्हणून दोन टोके धूसर होत नाहीत. दहा पोती ज्वारी म्हणजे ढीग, यात शंका नाही. एक दाणा म्हणजे ढीग नाही, यातही शंका नाही. आणि मधल्या पट्ट्याचे काय करायचे याबद्दल तत्त्वज्ञांनी ज्या वाटा सुचवल्या आहेत, त्यातली कुठलीही घेतली तरी निवड समितीची सुटका होत नाही.

पहिली वाट टिमथी विल्यमसन यांची, १९९४ च्या ग्रंथातली. रेष असतेच, फक्त ती नेमकी कुठे आहे हे माणसाला कळू शकत नाही. ठीक आहे. मग ते समितीलाही कळू शकत नाही. सीमेजवळच्या उमेदवाराला अकरा मिनिटांत ठामपणे ‘अयोग्य’ म्हणण्याचा अधिकार या वाटेने मिळत नाही.

दुसरी वाट किट फाईन यांच्या १९७५ च्या निबंधातून पुढे आली. संदिग्ध शब्दाची रेष वेगवेगळ्या वाजवी ठिकाणी ओढता येते. एखादे विधान ठामपणे सत्य तेव्हाच, जेव्हा यातली कुठलीही वाजवी रेष धरली तरी ते सत्य राहते. म्हणजे सहाही जण अयोग्य होते असे म्हणायचे तर, अध्यापन हा निकष धरा, संशोधन धरा, विषयाचे ज्ञान धरा, प्रत्येक वाजवी रेषेखाली प्रत्येक जण पडला हे दाखवावे लागेल. सात वर्षे तेच विषय शिकवणारा माणूस शिकवण्याच्या निकषावरही खाली पडला, तर कसा, ते सांगावे लागेल.

तिसरी वाट सत्याला अंश मानण्याची आहे. लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी संचांची कल्पना मांडली आणि पुढे या विचाराला गणिताचा आधार मिळाला. कुणी ०.४ इतका योग्य, कुणी ०.८. चांगले आहे. मग आकडा द्या.

म्हणजे ‘शब्दच संदिग्ध आहे हो’ ही सबब नाही. संदिग्धता मान्य केली की उलट जबाबदारी वाढते. सीमेवरच्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचाच असेल तर कारण द्यावे लागते. शिवाय आपण सहाही जण त्या सीमेवरच होतो, हे कुणी ठरवले?

हा युक्तिवाद जुना आहे

ढिगाचे कोडे आपल्याविरुद्ध वापरले जाण्याची ही पहिली वेळ नाही. १९३२ मध्ये लोथियन समिती मताधिकाराचा प्रश्न तपासत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांची संख्या किती, हा प्रश्न आला आणि एकाएकी काही प्रांतांत अस्पृश्य सापडेनासे झाले. युक्तिवादाचा साचा ढिगाचाच होता. दक्षिणेत सावलीचाही विटाळ मानतात, इकडे तसे नाही. तिकडे विहीर बंद आहे, इकडे काही ठिकाणी चालते. आगगाडीत तर सगळेच शेजारी बसतात. मग नेमके अस्पृश्य म्हणायचे कुणाला? रेष दाखवता येत नाही, म्हणून माणसेच नाहीत.

बाबासाहेबांनी समितीला दिलेल्या टिपणात या शब्दाचा अर्थच उलगडून दाखवला. प्रत्यक्ष स्पर्श टाळणे ही शब्दशः अस्पृश्यता. पण स्पर्श टाळणे अशक्य झाले तरी जी मनात टिकून राहते, ती धारणेतली अस्पृश्यता. गाडीत शेजारी बसावे लागते म्हणून दुसरी संपत नाही. पुढे त्यांनी या संपूर्ण प्रकारावर एक प्रकरण लिहिले. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ होतो, ‘दशलक्षांपासून अपूर्णांकांपर्यंत’. लाखो माणसे शब्दांच्या खेळात कशी आटवली जातात, ते त्यात आहे.

त्याच काळातल्या १९३१ च्या जनगणनेत आयुक्त हटन यांनी कोणती जात बहिष्कृत मानायची यासाठी काही कसोट्या सुचवल्या होत्या. देवळात प्रवेश आहे का, सार्वजनिक विहीर वापरता येते का, अशा. त्यातली एक कसोटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही मिटून बसले. त्या जातीतल्या सुशिक्षित माणसाला, तितक्याच शिकलेल्या उच्च जातीच्या लोकांकडून नेहमीच्या व्यवहारात बरोबरीची वागणूक मिळते का? पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनो, ही कसोटी आपल्यासाठीच लिहिली आहे. तिचे आजचे उत्तर आपण प्रत्येकाने आपापल्या विभागात पाहिले आहे.

मग सगळे शब्द काटेकोर करायचे का?

आपल्यातले काही जण म्हणतील, मुलाखतच नको. संदिग्ध शब्दच नको. मलाही रागाच्या भरात तसे वाटते. पण काटेकोर रेष म्हणजे न्याय, असेही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या अगदी काटेकोर केली. काही शीख जातींचा अपवाद सोडला तर हिंदू असेल तोच. या रेषेत कसलीही धूसरता नव्हती. १९५६ मध्ये तीत बाकीचे शीखही आले. त्याच वर्षी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारलेल्यांना मात्र त्या रेषेच्या आत यायला १९९० उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत.

उलट, संविधानाचे कलम १७ पाहा. त्यात ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. संविधान सभेत के. टी. शाह यांनी याकडे लक्ष वेधले होते. तरी शब्द व्याख्येविना राहिला. व्याख्या करून तो शब्द विहीर आणि देऊळ यांच्यापुरता बांधला असता तर तुरुंगातल्या स्वयंपाकघरापर्यंत तो पोहोचला असता का? २०२४ च्या निकालात कलम १७ चाही आधार आहे.

म्हणून प्रश्न शब्द संदिग्ध आहे की काटेकोर, हा नाही. संदिग्ध पट्ट्यात निर्णय कोण घेतो, त्याचे कारण कोण मागू शकतो आणि शंकेचा फायदा कुणाला मिळतो, हा प्रश्न आहे. कलम १७ मध्ये शंकेचा फायदा अन्याय सोसणाऱ्याला मिळू शकतो. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ मध्ये तो नेहमी नाकारणाऱ्याला मिळतो. २०१९ च्या बी. के. पवित्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रशासनाची कार्यक्षमता’ या शब्दांकडे असेच पाहिले. समाजातल्या सगळ्या घटकांचा सहभाग हा त्या कार्यक्षमतेचाच भाग आहे, असे म्हटले. म्हणजे ‘कार्यक्षम, पण कशासाठी?’ ही रिकामी जागा न्यायालयाने सवयीवर सोडली नाही.

आपण काय करू शकतो

निकालानंतर मी माहिती अधिकारात अर्ज केला. मुलाखतीचे निकष कोणते, प्रत्येक निकषाला किती गुण, सहा जणांना प्रत्येकी किती मिळाले आणि किमान किती हवे होते, हे चार प्रश्न विचारले. उत्तर एका ओळीचे आले: समितीला योग्य उमेदवार आढळला नाही. म्हणजे वाक्याचा अर्थ विचारला तर तेच वाक्य परत मिळाले. मी अपील केले आहे.

तुम्हीही विचारा. मुलाखत घेणाऱ्यांची नावे देणे बंधनकारक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे, पण आपल्याला नावे नको आहेत, माप हवे आहे. मुलाखतीहून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी किती मिनिटे झाली, कोणते प्रश्न विचारले, ते तारखेसह लिहून ठेवा. एकाची वही म्हणजे तक्रार असते, पन्नास जणांच्या वह्या म्हणजे अभ्यास होतो. आपल्या संघटनांनी मागणी करावी की राखीव जागा रिकामी ठेवायची असेल तर प्रत्येक उमेदवाराबाबत निकषवार लेखी कारण द्यावे, आणि ते उमेदवाराला मागता न येता मिळावे.

सगळ्यात आधी एक काम घरातच आहे. हे वाक्य वाचून आपल्यातली कितीतरी मुले-मुली ‘आपणच कमी पडलो’ असे धरून चालतात. मीही दोन महिने तसेच धरले होते. पण त्या वाक्यात तुमच्याबद्दल काहीही सांगितलेले नाही. माझे वडील ओळंबा सोडल्याशिवाय कुणाची भिंत वाकडी म्हणत नाहीत. ज्यांनी ओळंबा सोडलाच नाही, त्यांच्या शब्दावर आपण आपली भिंत पाडायची नाही.

त्याच जागेची जाहिरात मागच्या महिन्यात पुन्हा निघाली. मी पुन्हा अर्ज केला आहे.